इंटरनेट वाचलं, पण कशापासून?

एप्रिल २०१५ मध्ये मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो आणि यवतमाळच्या एका सायबर कॅफेत बसून मी भारताचं इंटरनेट वाचवलं. एकट्याने नाही, माझ्यासारख्या दहा लाखांहून जास्त लोकांनी. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, मार्चअखेरीस ११८ पानांचा एक मसुदा चर्चेसाठी काढला होता. त्यात २० प्रश्न होते. एका संकेतस्थळावर त्या विसांची उत्तरं तयारच ठेवली होती. नाव घालायचं, पाठवायचं, झालं. मी ११८ पैकी एक पान वाचलं नव्हतं. एआयबीचा व्हिडिओ मात्र तीनदा पाहिला. त्याच महिन्यात ट्रायने आलेली सगळी पत्रं पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसकट जाहीर करून टाकली आणि पुढे कितीतरी दिवस माझ्या इनबॉक्समध्ये कचरा येत राहिला. माझ्या सहभागाचा तेवढाच पुरावा.

सुट्टीत घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो आणि बाबांना मोठ्या तोऱ्यात हे सांगितलं. ते वखराची पास ठोकत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "तुयं इंटरनेट वाचलं म्हन्तं, मंग इथं काहून येत नाई?"

तेव्हा गावात फोन लावायचा तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागायचं. मी काहीतरी उत्तर दिलं असेल, आठवत नाही. प्रश्न आठवतो.

आता मी कापसावरच्या गुलाबी बोंडअळीवर पीएच.डी. करतोय. नेटवर्कचा अभियंता नाही. तरीही हा विषय काढतोय, कारण एखादा दावा, त्याचा पुरावा आणि त्यावरून उठलेला गजर, या तिघांचा मेळ बसतो का हे पाहणं माझं रोजचं काम आहे. नेट न्यूट्रॅलिटीच्या गजरात मी स्वतः सामील होतो, त्यामुळे तपासणी माझ्यापासूनच सुरू करतो.

आधी तत्त्व काय ते सांगतो, कारण गजरात तेच सगळ्यात आधी हरवलं. कापूस खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागते. जो आधी आला त्याचं माप आधी, हा नियम. मोठ्या व्यापाऱ्याने दारवानाला पैसे चारून गाडी पुढे घातली तर आपण भांडतो. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीनेही कोणाची माहिती आहे ते पाहून कोणाला पुढे, कोणाला मागे करू नये, कोणाला अडवू नये, एवढंच हे तत्त्व. टिम वू या अमेरिकी कायदेतज्ज्ञाने २००३ च्या लेखात हा शब्द रूढ केला. भारतातला वाद खरं तर याच्या एका चुलतभावाचा होता: झिरो रेटिंग. म्हणजे रांग सगळ्यांना सारखी, पण अमुक एका जिनिंगला कापूस नेला तर गाडीभाडं माफ. एअरटेलने एप्रिल २०१५ मध्ये 'एअरटेल झिरो' आणलं ते हेच. फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर त्याआधी फेब्रुवारीत सुरू केलेलं इंटरनेट डॉट ऑर्ग हेही हेच. त्याचं नाव पुढे 'फ्री बेसिक्स' झालं. पहिल्याच टप्प्यातल्या राज्यांत महाराष्ट्र होता.

यावर आक्षेप घेणं रास्तच होतं. पण आपल्याला सांगितलं गेलं ते वेगळंच. इंटरनेट मरणार. टीव्हीच्या चॅनेलसारखी पॅकेजं येणार: फेसबुकचे इतके, यूट्यूबचे तितके, विकिपीडिया हवा तर वेगळे पैसे. ही भाकितं होती, आणि भाकिताची एक चांगली गोष्ट म्हणजे काही वर्षांनी ती तपासता येतात.

पॅकेजांचं चित्र घ्या. २०१७ मध्ये अमेरिकेत नियम काढायची तयारी चालू असताना रो खन्ना या तिथल्या खासदारांनी पोर्तुगालच्या मेओ कंपनीची जाहिरात ट्विट केली. मेसेजिंगचं पॅक वेगळं, व्हिडिओचं वेगळं, संगीताचं वेगळं. नियम नसले की असं होतं, असा अर्थ. ते चित्र जगभर फिरलं, माझ्या वर्गाच्या ग्रुपवरही आलं. पण पोर्तुगाल युरोपीय संघात आहे आणि तिथे नेट न्यूट्रॅलिटीचे नियम २०१६ पासून लागू होते. शिवाय ती पॅक साध्या डेटा प्लॅनवर वरून घ्यायची जादाची होती. बाकीचं इंटरनेट बंद करून हे विकत नव्हते. म्हणजे नियम नसण्याचा पुरावा म्हणून जे दाखवलं, ते नियम असलेल्या देशातलं होतं. परीक्षेत असं लिहिलं असतं तर मास्तरांनी वही भिरकावली असती.

अमेरिकेत १४ डिसेंबर २०१७ ला नियम काढायचं ठरलं, ११ जून २०१८ ला ते गेले. प्रलय आला नाही. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात वणवा पेटलेला असताना एका अग्निशमन दलाचं इंटरनेट व्हेरायझनने मंद केलं आणि 'बघा, आलंच' असा ओरडा झाला. गोष्ट संतापजनकच होती. पण कंपनीने कुठली एक साइट निवडून अडवली नव्हती. 'अमर्याद' म्हणून विकलेल्या प्लॅनला आतून मर्यादा होती, ती ओलांडल्यावर सगळंच मंद झालं. ही फसव्या जाहिरातीची तक्रार झाली. तिला नेट न्यूट्रॅलिटीचं लेबल लावलं की खरी तक्रार निसटते.

इथे मला आवडलेल्या एका संशोधनाबद्दल थोडं सविस्तर सांगतो. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या डेव्हिड चॉफ्नस यांच्या गटाने 'वीही' नावाचं ॲप केलं. युक्ती साधी आणि सुंदर आहे. ॲप तुमच्या फोनवर आधीच नोंदवून ठेवलेली, समजा, यूट्यूबची वाहतूक जशीच्या तशी पुन्हा चालवतं आणि वेग मोजतं. मग तेवढीच वाहतूक तशाच लयीत, पण आतली माहिती ओळखू येणार नाही अशी उलटीपालटी करून पुन्हा चालवतं. वाटेतल्या कंपनीला पहिल्या वेळी 'हे यूट्यूब' कळतं, दुसऱ्या वेळी कळत नाही. पहिला वेग वारंवार कमी निघाला तर कंपनी ओळखून मंद करते आहे. बाकी सगळं सारखं आणि फक्त एक गोष्ट बदललेली, म्हणजे आमच्या भाषेत नियंत्रित प्रयोग. सुमारे सव्वा लाख लोकांनी केलेल्या दहा लाखांवर चाचण्या त्यांनी २०१९ मध्ये मांडल्या. अमेरिकेतल्या मोठ्या मोबाइल कंपन्या व्हिडिओचा वेग दाबत होत्या, नेटवर्कवर गर्दी असो वा नसो.

मग गजर खरा ठरला का? अर्धा. मंद करणं खरं होतं, पण ते नियम गेल्यामुळे सुरू झालं असं नाही. टी-मोबाइलने 'बिंज ऑन' नावाची योजना नोव्हेंबर २०१५ मध्ये, नियम जिवंत असतानाच आणली होती. ठरावीक साइटींचे व्हिडिओ डेटात मोजायचे नाहीत, त्या बदल्यात दर्जा ४८० पिक्सेलपर्यंत खाली. नियम असतानाही चाललं, नियम गेल्यावरही चाललं. प्रलयाऐवजी जे आहे ते आधीपासून आहे आणि कंटाळवाणं आहे.

माझ्याच बाजूचा एक कच्चा दुवाही सांगून टाकतो. 'नियम गेले आणि काही झालं नाही, म्हणजे नियम नकोच होते' हा निष्कर्ष मला काढता येत नाही. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्येच स्वतःचा कडक कायदा केला, प्रकरणं कोर्टात चालू होती, कंपन्यांना ठाऊक होतं की सरकार बदललं की नियम परत येतील. जो माणूस आपल्याकडे बघितलं जातंय हे जाणतो, तो चोरी करत नाही. आमच्याकडे दर हंगामात कोणीतरी सांगतं, "अमुक औषध मारलं अन् अळी गायब." शेजारच्या न फवारलेल्या वावरातही त्याच आठवड्यात अळी कमी झालेली असते, ते कोणी बघत नाही. तुलनेला वावर नसेल तर औषधाचं श्रेय देता येत नाही आणि काढूनही घेता येत नाही.

हेच सूत्र आता आपल्याकडे लावा.

८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने वेगवेगळ्या साइटींना वेगवेगळा दर लावायला बंदी घातली. मोडल्यास दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. फ्री बेसिक्स गेलं. आम्ही पेढे वाटले (खरंच वाटले, बुढीच्या चिवड्यासह). नंतर डेटा स्वस्त झाला, खेड्यात पोचला, आणि हे आपल्या विजयाचं फळ असं मी कित्येक वर्षं समजत होतो. ट्रायच्याच आकड्यांनुसार २०१५ मध्ये एक जीबी मोबाइल डेटा ग्राहकाला सरासरी २२६ रुपयांना पडायचा, २०१८ मध्ये बारा रुपयांच्याही आत आला. मध्ये काय झालं? ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि मार्च २०१७ पर्यंत सगळं फुकट वाटलं. बाकीच्यांना दर पाडावे लागले. हे काम माझ्या ईमेलने केलेलं नाही.

आणि ज्या रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या खांद्यावरून फेसबुक खेड्यात शिरणार होतं, तिने याच दरयुद्धात १ डिसेंबर २०१७ पर्यंत आपली मोबाइल कॉलसेवा गुंडाळली. समजा बंदी आलीच नसती. 'डिजिटल वसाहतवाद' म्हणून आम्ही ज्याला घाबरलो, त्या वसाहतीचा टॉवरच पावणेदोन वर्षांत बंद पडला असता. फेसबुकने दुसरी कंपनी गाठली असती, मान्य. पण बारा रुपयांत अख्खं इंटरनेट मिळत असताना फोटो-व्हिडिओ नसलेलं फुकट इंटरनेट किती जणांनी वापरलं असतं?

समोरची बाजू याहून वाईट होती, तेही लिहायला हवं. २८ डिसेंबर २०१५ च्या टाइम्स ऑफ इंडियात मार्क झुकेरबर्ग यांचा लेख आला होता. त्यात महाराष्ट्रातला गणेश नावाचा शेतकरी होता. तो फ्री बेसिक्सवर हवामान बघतो, बाजारभाव बघतो, आणि आता नव्या पिकांत, जनावरांत पैसे घालतो. मी विदर्भातल्या शेतकऱ्याचा मुलगा. हा गणेश मला अजून भेटायचा आहे. कापसाचा भाव कळला म्हणून तो मिळत नाही. उधारी ज्याच्याकडे आहे त्यालाच कापूस घालावा लागतो. २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. त्यांना हवामानाची साइट फुकट मिळाली नाही म्हणून ते गेले नाहीत. त्याच दिवसांत दिल्लीत ट्राय नेट न्यूट्रॅलिटीच्या शिफारशी तयार करत होतं (२८ नोव्हेंबरला त्या आल्या), आणि दोन्ही बाजू गरीब शेतकऱ्याचं नाव घेत होत्या.

फेसबुकने तेव्हा आपल्या वापरकर्त्यांकडून ट्रायला लाखो साचेबंद पाठिंबापत्रं पाठवली. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यात नव्हती. ट्रायने जानेवारी २०१६ मध्ये फेसबुकला पत्र लिहून ही चर्चा आहे, ठरवून घडवलेली मतमोजणी नव्हे, अशा अर्थाचं सुनावलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण मी एप्रिलमध्ये काय केलं होतं? एका बटणावर तयार उत्तरं. आमच्या उत्तरांत निदान विसाही प्रश्नांना धरून लिहिलेलं होतं, एवढा फरक नक्की. मात्र ते मी लिहिलेलं नव्हतं आणि मी वाचलेलंही नव्हतं.

तुम्ही म्हणाल, अरे पण गजर झाला म्हणूनच नियम आला ना? हा आक्षेप मला सगळ्यात जड जातो. बहुधा खरं आहे. एअरटेलने डिसेंबर २०१४ मध्ये इंटरनेटवरून केलेल्या कॉलला वेगळे पैसे लावायचं जाहीर केलं आणि ओरड होताच काही दिवसांत मागे घेतलं. एअरटेल झिरोमधून फ्लिपकार्ट १४ एप्रिल २०१५ ला बाहेर पडलं, तेही ओरडीमुळेच. लोक गप्प बसले असते तर ट्रायने वेगळा निर्णय दिला असता असं मानायला जागा आहे. आणि नियम मला आजही योग्य वाटतो. पण त्यामागचं ट्रायने लिहिलेलं कारण वाचा. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा एम.एस्सी. झाली होती. देशातले बहुसंख्य लोक अजून इंटरनेटवर यायचे आहेत, त्यांचा पहिला अनुभव कसा असावा हे कंपनीने ठरवू नये, असा त्याचा मथितार्थ. त्यात ना मरण, ना वसाहत. शांत, मोजकं, आणि आमच्या व्हिडिओपेक्षा कितीतरी पटण्यासारखं. ते कोणी फॉरवर्ड केलं नाही.

गजराची किंमत कुठे मोजावी लागली ते माझ्या कामात रोज दिसतं. वावरात आम्ही कामगंध सापळे लावतो. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले की फवारणीचा निर्णय घ्यायची वेळ येते. शेतकरी सकाळी फोटो पाठवतात. फोटो निघतो वावरातून सकाळी, आणि माझ्यापर्यंत येतो संध्याकाळी, गडी डांबरी रस्त्याला लागल्यावर. दिवसभर एकच टिक. तीन रात्रींच्या हिशोबात एक दिवस असाच जातो. वीहीसुद्धा मी तिथे चालवून पाहिलं. चाचणी पुरी व्हायच्या आत रेंज गेली.

आणि हे फोटो येतात कशावर? व्हॉट्सॲपवर. म्हणजे फेसबुकच्याच मालकीच्या ॲपवर. औषधाचं नाव शोधायचं तर यूट्यूब. माझ्या यादीतल्या बहुतेक शेतकऱ्यांचं इंटरनेट या दोन ॲपांत संपतं. ब्राउझर उघडलेला मी क्वचित पाहिला. कोणी गाडीभाडं माफ केलं नाही, कोणी कोणाला अडवलं नाही, सगळ्या साइटी एकाच दरात समोर उभ्या आहेत. फ्री बेसिक्सने जे होईल म्हणून आम्ही घाबरलो, ते फ्री बेसिक्सशिवाय, तटस्थ नेटवर्कवर, रीतसर झालं. बायकांच्या बाबतीत तर प्रश्न याच्याही अलीकडचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाच्या ग्रामीण भागातल्या फक्त २४.६ टक्के स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. वावरात वेचणी त्या करतात, पतंग आधी त्यांना दिसतात, आणि फोन नवऱ्याच्या खिशात असतो.

१९ डिसेंबर २०१६ ला ट्रायने आणखी एक शिफारस केली होती: ग्रामीण ग्राहकांना महिन्याला १०० एमबी डेटा फुकट द्यावा, कुठलीही साइट बघायला, खर्च सार्वत्रिक सेवा निधीतून. फ्री बेसिक्सला हेच खरं उत्तर होतं. तुम्ही हे ऐकलं होतं? मीही नाही. त्यासाठी बटण नव्हतं, व्हिडिओ नव्हता. आमच्या गावापर्यंत त्यातलं काही पोचलं नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये मी अमरावतीत होतो. दंगल झाली आणि शहरातलं इंटरनेट काही दिवस बंद केलं गेलं. सगळ्या साइटी सारख्याच बंद, नेट न्यूट्रॅलिटीचा एक नियम मोडला नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण असं की खरा प्रश्न आत्ता येतोय आणि आवाज कुठेच नाही. मोबाइल कंपन्या गेली काही वर्षं मागणी करतायत की यूट्यूब, नेटफ्लिक्ससारख्या मोठ्या वाहतुकीच्या कंपन्यांनी नेटवर्कच्या खर्चात वाटा द्यावा. ऐकायला न्याय्य वाटतं. दक्षिण कोरियात असे शुल्क आहेत. ट्विच ही व्हिडिओ सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथून बाहेर पडली, कारण तिच्या म्हणण्यानुसार तिथलं नेटवर्क शुल्क इतर देशांच्या दहापट होतं. हे टिम वूच्या मूळ तत्त्वाच्या अगदी गाभ्याला भिडणारं आहे, झिरो रेटिंगपेक्षा कितीतरी जास्त. आणि ट्रायने ७ जुलै २०२३ ला जो मसुदा काढला, त्यात अशा सेवांचं नियमन करावं का हे तर विचारलं आहेच, शिवाय अशांततेच्या काळात सगळं इंटरनेट बंद करण्याऐवजी निवडक ॲप बंद करावेत का, हेही विचारलं आहे. अमरावतीत ते दिवस काढलेल्या माणसाला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं वाटतं. मलाही पहिल्यांदा वाटलं. मग लक्षात आलं की पहिलं बंद होणारं ॲप कुठलं असेल, आणि सापळ्यांचे फोटो कशावर येतात.

या वेळी मसुदा मी पहिल्या पानापासून वाचला. बाबांना सांगितलं. म्हणाले, "वाच. पन टॉवरचं कोनी इचारलं काय त्याच्यात?"